मागील पडवी आणि घरांतला उजेड

कोंकणांतील जुन्या घराला मागें पडवी नसली तर तें घर पुरें झालें असें कोणी समजत नसे. पुढें ओटी, मध्यें माजघर, त्याला लागून देवघर व बाळंतिणीची खोली, आणि या सर्वांच्या पाठीशीं उतरतें छप्पर घेऊन उभी असलेली मागील पडवी, असा त्या घराचा साधारण नकाशा. ही पडवी मूळची बहुधा उघडी असे. तेथें जातें असे, उखळ असे. पावसाळ्यासाठीं लांकडें व शेणी रचून ठेवण्याची जागा तीच. पुढें कुटुंब वाढलें, चूल माजघराजवळून मागें सरकली. उघड्या पडवीला कुड घालण्यांत आला. कांहीं वर्षांनीं कुडाच्या जागीं चिऱ्याची भिंत आली. आणि तिच्याहि पाठीशीं न्हाणीघरासाठीं आणखी एक उतरतें छप्पर चिकटलें. प्रत्येक वाढीच्या वेळीं गरज खरी होती. परंतु प्रत्येक वेळीं माजघरांतला उजेड थोडा थोडा कमी होत गेला, आणि तो नेमका केव्हां गेला हें घरांत कोणाच्याच लक्षांत आलें नाहीं.

हें कसें घडतें तें शाळेंतल्या भूमितीवरून सहज कळण्यासारखें आहे. कौलारू छपराला कोंकणच्या पावसांत चांगला उतार लागतो. दोन फूट बाहेर गेल्यास एक फूट खालीं, असें प्रमाण हिशेबासाठीं धरूं. मुख्य छपराची वळचण जमिनीपासून नऊ फुटांवर असेल, तर आठ फूट रुंदीची पडवी जोडल्यावर बाहेरची वळचण पांच फुटांवर येते. तिला चार फुटांची न्हाणी जोडली कीं ती तीन फुटांवर येते. माणूस वांकून बाहेर पडूं शकतो. उजेडाला वांकतां येत नाहीं. पडवीच्या भिंतीला खिडकी नसते असें नाहीं. परंतु तिच्यासमोर वळचण लोंबत असते, आणि त्या खिडकींतून दिसतें तें परसांतलें शेवाळलेलें जोतें आणि केळीचा बुंधा. आकाश दिसत नाहीं.

जुन्या बांधणाऱ्यांना उजेडाची किंमत कळत नव्हती असें म्हणणें अन्यायाचें होईल. कांच महाग होती, चोराचें भय होतें, उन्हाळ्यांत अंधारी खोली थंड राही, आणि स्वयंपाकाचा धूर कौलांच्या फटींतून निघून जातांना वाशांना किडीपासून जपतो अशी समजूत होती. इंग्लंडांत १६९६ पासून १८५१ पर्यंत खिडक्यांवर कर होता, आणि तो चुकविण्यासाठीं लोक आपल्याच खिडक्या विटांनीं बुजवीत. आपल्याकडे तसा कर नव्हता. तरीहि मागील दारची माणसें अंधारांतच राहिलीं, आणि त्यांत बहुतेक स्त्रिया होत्या, ही गोष्ट मात्र नाकारतां येत नाहीं.

आतां अशीं घरें पुन्हां वापरांत येत आहेत. मुंबई-पुण्याला नोकरी करून निवृत्त झालेलीं माणसें वर्षांतले कांहीं महिने गांवीं राहूं पाहतात. कोठें वृद्ध आई किंवा काकू घर सोडून शहरांत येण्यास तयार नसते, म्हणून मुलें घराची डागडुजी काढतात. पहिली तक्रार असते ती मागल्या अंधाराची. आणि उपाय सुचतात ते बहुधा दोनच: पडवी पाडून तेथें सिमेंटचा सपाट स्लॅब घालावा, किंवा चार दिवे वाढवावे.

स्लॅबचा उपाय खर्चाचा आहे, आणि उजेडाच्या दृष्टीनें फसवा आहे. छप्पर सपाट झालें तरी खोलीची खोली तितकीच राहते. मधोमध पूर्वींइतकाच अंधार असतो. उन्हाळ्यांत तो स्लॅब तापून रात्रभर उष्णता सोडतो, पावसाळ्यांत गळूं लागतो, आणि मग त्याच्यावर पत्र्याची शेड उभी राहते, हें दृश्य कोंकणांत गांवोगांव दिसतें. दिव्यांविषयीं म्हणावयाचें तर रात्रीं ते हवेतच. परंतु भर दुपारीं बाहेर लख्ख ऊन असतांना आंत बटण दाबून विळीवर बसावें लागणें ही कांहीं सुखाची गोष्ट नव्हे. शिवाय पावसांत वीज तासन् तास जाते, आणि तीच वेळ विंचू-काट्याची, ओल्या उंबऱ्यावरून पाय घसरण्याची.

येथें वयाचा विचार मुद्दाम केला पाहिजे. विसाव्या वर्षीं डोळ्याच्या पडद्यावर जितका उजेड पोंचतो, त्याच्या सुमारें एक तृतीयांशच साठाव्या वर्षीं पोंचतो. कारण बाहुली लहान होते आणि भिंग पिवळसर व धूसर होत जातें. म्हणून सुनेला पुरणारा उजेड सासूला पुरत नाहीं. म्हातारी माणसें तांदूळ निवडावयास अंगणांत जाऊन बसतात, याला लोक संवय म्हणतात. ती संवय नसून गरज असते.

घरांतल्या निरनिराळ्या जागीं दिवसां किती उजेड असावा याचीं प्रमाणें भारतीय मानकांत दिलेलीं आहेत. बाहेर मोकळ्या आकाशाखालीं जो उजेड असेल त्याच्या शेंकडा २.५ इतका स्वयंपाकघरांत, १.९ इतका अभ्यासाच्या खोलींत, आणि ०.६२५ इतका बैठकीच्या खोलींत पोंचावा, असें तें प्रमाण आहे. या हिशेबासाठीं बाहेरचा उजेड ८००० लक्स धरतात. म्हणजे स्वयंपाकघराच्या वांट्यास २०० लक्स येतात आणि बैठकीच्या वांट्यास ५०. स्वयंपाकघराला बैठकीच्या चौपट उजेड हवा, असा याचा अर्थ झाला. जुन्या घरांत प्रकार नेमका उलटा. ओटीवर सुपारी कातरीत गप्पा चालत तेथें उजेडच उजेड, आणि डाळींतले खडे वेंचावयाचे तेथें काळोख.

तेव्हां प्रश्न असा कीं, घराचा सांगाडा न मोडतां मागल्या पडवींत हा उजेड आणावा कसा? त्यासाठीं उजेड येतो कोठून हें प्रथम नीट समजून घेतलें पाहिजे. दिवसां घरांत उपयोगी पडणारा उजेड हा बहुतांशीं आकाशाचा असतो. उन्हाचा कवडसा ही वेगळी वस्तु. ज्या जागेवरून आकाशाचा तुकडा दिसतो त्या जागीं उजेड असतो. जेथून दिसत नाहीं तेथें भिंतींवरून परतून आलेला उष्टा उजेड तेवढा मिळतो. म्हणून खर्चाला हात घालण्यापूर्वीं एक साधी परीक्षा करावी. जेथें काम करावयाचें त्या ठिकाणीं, काम ज्या उंचीवर होतें तेथें एक लहानसा आरसा आडवा ठेवावा. ओट्याशीं उभें राहून काम असेल तर ओट्यावर, विळीवर बसून असेल तर जमिनीवर. आरशांत खिडकीवाटे किंवा छपरावाटे आकाश कोठें दिसतें का तें पाहावें. कोठूनच दिसत नसेल तर भिंतींना कितीहि रंग दिला तरी काम अर्धवटच होणार.

आतां आकाशांतहि सर्व भाग सारखे तेजस्वी नसतात. १९४२ सालीं पॅरी मून आणि डोमिना एबरले स्पेन्सर या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं ढगाळ आकाशाच्या तेजाचें सूत्र मांडलें. पूर्ण अभ्राच्छादित आकाश डोक्यावर जितकें तेजस्वी असतें, त्याच्या एक तृतीयांशच तें क्षितिजाशीं असतें. ज्या प्रदेशांत चार महिने आभाळ भरलेलें असतें त्या कोंकणाला ही गोष्ट फारच महत्त्वाची आहे. आषाढांत भिंतीच्या खिडकींतून येतें तें क्षितिजाकडचें मंद आकाश, तेंहि माड-पोफळींनीं झांकलेलें. डोक्यावरचें आकाश तिप्पट तेजस्वी, आणि तें मोकळें. म्हणजे पडवीला उजेड द्यावयाचा तो वरून द्यावा, हें उघड झालें.

त्याचें साधन आपल्याकडे पूर्वींपासून आहे. तें म्हणजे कांचेचें कौल. मंगळूर येथें बासेल मिशनचा कौलांचा कारखाना १८६५ सालीं निघाला, आणि तेथून मंगळुरी कौल सर्व पश्चिम किनाऱ्यावर पसरलें. या कौलांचा आकार ठरीव असल्यामुळें त्याच घाटाचें कौल कांचेचें करतां आलें. मातीचें एक कौल उचलून त्या जागीं तें बसवावें, इतकें तें काम सोपें. जुन्या नळीच्या कौलांत मात्र तें बसत नाहीं; तेथें वाशांच्या मध्यें चौकट करून सपाट कांच बसवावी लागते, आणि चौकटीच्या वरच्या बाजूनें पाणी आंत येणार नाहीं अशी पत्र्याची पट्टी वरच्या कौलांखालीं सरकवावी लागते.

अशीं कौलें किती बसवावींत? मंगळुरी कौलें चौरस मीटरला साधारण १५ लागतात. तेव्हां चार कांचकौलें म्हणजे पाव चौरस मीटरहून किंचित् जास्त उघडें आकाश. बाहेर ८००० लक्स असतांना, आणि कांचेवरची धूळ जमेस धरून दोन तृतीयांश उजेड आंत येतो असें मानल्यास, या चार कौलांतून सुमारें १४०० ल्यूमेन उजेड मिळतो. आजचा १४ वॅटचा एल.ई.डी. दिवा साधारण इतकाच उजेड देतो. हा हिशेब ढगाळ दिवसाचा आहे; आभाळ मोकळें असेल तर याच्या कितीतरी पट. दहा फूट रुंद व वीस फूट लांब पडवीला अशा चार चार कौलांचे दोन गट पुरेसे होतात. दोन गटांत अंतर ठेवावें, सर्व कौलें एका ठिकाणीं घेऊं नयेत.

याहून जास्त कौलें बसविण्याचा मोह होतो, तो आंवरावा. उन्हाळ्याच्या भर दुपारीं एका कांचकौलांतून सुमारें ५० वॅट उष्णता आंत येते. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या अंगांतून साधारण १०० वॅट बाहेर पडते. म्हणजे चार कौलें हीं दुपारच्या वेळीं आलेल्या दोन पाहुण्यांसारखीं आहेत. सोळा कौलें म्हणजे आठ पाहुणे. चैत्र-वैशाखांत कांचेच्या आंतल्या बाजूनें पातळ पांढरें कापड ताणून बांधलें तर ताप उणावतो आणि उजेड अधिक सारखा पसरतो. मृग लागला कीं तें काढून धुवून ठेवावें.

जागा निवडतांना कांहीं गोष्टी पाहाव्या. कौलें ओट्याच्या किंचित् पुढें, म्हणजे काम करणारीच्या डोक्यामागें न येतां समोर यावींत. नाहींतर तिचीच सावली हातांतल्या कामावर पडते. वळचणीच्या अगदीं खालच्या ओळींत कांच नसावी, कारण सर्व छपराचें पाणी तेथून वाहतें. दोन छपरें जेथें मिळतात त्या खोलगट रेषेजवळहि नसावी. माडाखालीं तर मुळींच नसावी. नारळ राहूं द्या, वाळलेली झावळी पडली तरी कांच फुटते. कांचेखालीं बारीक तारेची जाळी रिपांना ठोकावी, म्हणजे फुटलीच तर तुकडे खालीं अन्नांत पडणार नाहींत. आणि शाकारणीला येणाऱ्या माणसाला कांचेचीं कौलें कोठें आहेत हें वर चढण्यापूर्वींच सांगावें. शेवाळ धरलेलें कांचकौल वरून मातीच्या कौलासारखेंच दिसतें, आणि त्यावर पाय पडणें जिवावरचें ठरूं शकतें.

माजघरावर मात्र नुसतें कौल बदलून भागत नाहीं, कारण मध्यें माळा असतो. तेथें कौलांखालीं माळ्याच्या तक्तपोशीचा दोन तुळ्यांमधला एक लहान खण मोकळा करावा, आणि कौलांपासून त्या खणापर्यंत फळ्यांची चौकोनी विहीर करून तिला आंतून पांढरा रंग द्यावा. तुळई कापूं नये. फळ्याच तेवढ्या काढाव्या. मोकळ्या खणाला लांकडी गज बसविले म्हणजे माळ्यावर चढलेलें मूल खालीं पडण्याचें भय राहत नाहीं. या एका खणानें माजघराचें रूप पालटतें.

वरच्या उजेडानंतर बाजूच्या उजेडाचा विचार. पडवीची लांब बाहेरची भिंत वळचणीखालीं दबलेली असते. परंतु तिच्या दोन टोकांच्या भिंतींकडे कोणाचें लक्ष जात नाहीं. या टोकांच्या भिंती माजघराच्या बाजूला मुख्य छपराइतक्या उंच असतात आणि त्यांच्यापुढें वळचणीचा पडदा फारसा नसतो. तेथें, माजघराच्या भिंतीला लागून, उभी अरुंद खिडकी काढली तर तिचा उजेड त्या पांढऱ्या भिंतीवरून लांबवर पसरत जातो. खिडकी रुंद करण्यापेक्षां उंच करण्यांत लाभ अधिक. खिडकीचा वरचा कांठ जमिनीपासून जितका उंच, त्याच्या साधारण दोन ते अडीच पट अंतरापर्यंत तिचा उजेड कामाला येतो. एकंदर खिडक्यांचें क्षेत्र किती असावें याविषयीं राष्ट्रीय बांधकाम संहितेंत उष्ण व दमट प्रदेशासाठीं जमिनीच्या क्षेत्राचा एक षष्ठांश असें प्रमाण दिलें आहे. दोनशें चौरस फुटांच्या पडवीला तें तेहतीस-चौतीस चौरस फूट होतें. जुन्या पडवीच्या झरोक्यांची बेरीज करून पाहिली तर तफावत डोळ्यांत भरेल.

दिशेचा प्रश्न येथें येतो. इंग्रजी पुस्तकांत उत्तरेचा उजेड सर्वोत्तम म्हणून सांगितलेला असतो, कारण तिकडे उत्तरेच्या खिडकींत दुपारचें ऊन कधींच येत नाहीं. आपल्याकडे तो नियम जसाच्या तसा लागू पडत नाहीं. मुंबई-पुण्याच्या अक्षांशावर मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेकडे असतो. परंतु जूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास आभाळ भरून येतें. त्यामुळें उत्तरेच्या खिडकीला दुपारच्या उन्हाचा त्रास प्रत्यक्षांत महिनाभरच सोसावा लागतो, आणि तोहि थोडीशी वळचण असली तरी टळतो. तेव्हां उत्तर आपल्याकडेहि चांगलीच. दक्षिणेलाहि भिण्याचें कारण नाहीं. तीन फूट पुढें आलेली वळचण मार्चच्या विषुवदिनीं दुपारीं तिच्याखालीं जवळजवळ नऊ फूट भिंत सावलींत ठेवते. डिसेंबरांत मात्र सव्वातीन फूटच, म्हणजे थंडीचें कोंवळें ऊन खालून आंत येतें. खरी अडचण पश्चिमेची. तिकडून ऊन आणि पाऊस दोन्ही आडवे येतात, आणि कोणतीहि वळचण त्यांना पुरत नाहीं. पश्चिमेकडे मोठी खिडकी घेण्यापेक्षां विटांची जाळी बरी. केरळांत राहून काम केलेले वास्तुकार लॉरी बेकर (१९१७–२००७) यांनीं विटांच्या जाळीदार भिंतींचा असा उपयोग पुष्कळ घरांत केला. जुनीं दारें, जुनीं कौलें पुन्हां वापरण्याचाहि त्यांचा आग्रह असे.

आंत आलेला उजेड टिकतो किती हें भिंतींवर अवलंबून आहे, आणि येथें थोडें गणित करण्यासारखें आहे. काजळी धरलेल्या भिंती व शेणानें सारवलेली जमीन मिळून समजा शंभरांतला वीस भागच उजेड परत देतात. मग १०० भाग उजेड आंत आला तर त्याचे २० परत येतात, त्या वीसांचे ४, त्या चारांचा एकाहूनहि कमी, बेरीज १२५. आतां भिंती चुन्यानें पांढऱ्या केल्या, जमीन फिकट केली, आणि शंभरांतले ७० परत येऊं लागले, तर १०० वर ७०, मग ४९, मग ३४, अशी ती मालिका लांबत जाऊन बेरीज ३३३ होते. खिडकी तीच, कांच तीच, आणि उजेड अडीच पटींहून अधिक. खर्च पाहतां सफेतीइतकें स्वस्त काम दुसरें नाहीं. मात्र काजळीवर थेट चुना देऊं नये. ती तपकिरी डाग होऊन वर येते. आधीं खरवडून, धुण्याच्या सोड्याच्या पाण्यानें भिंत पुसून, वाळल्यावर मग चुन्याचे तीन पातळ हात द्यावे. जाड एक हात देण्यांत घाई साधते, पण पोपडे येतात. चुना डोळ्यांत गेल्यास डोळा भाजतो. काम करणाऱ्यानें चष्मा लावावा आणि मुलांना दूर ठेवावें.

चुनाच कां, सिमेंट व तैलरंग कां नको, असें पुष्कळ विचारतात. जुनी भिंत मातीची, भेंड्यांची किंवा जांभ्याच्या चिऱ्याची असते आणि तिच्या पायांत ओल रोखणारा थर नसतो. जमिनींतली ओल तींत चढते आणि पृष्ठभागावरून उडून जाते. चुन्याचा गिलावा तिला वाट देतो. सिमेंटचा गिलावा ती वाट अडवितो. मग ओल आणखी वर चढते, क्षार सिमेंटच्या पाठीमागें सांठतात, आणि चार-पांच पावसाळ्यांत तो कठीण गिलावा जुन्या भिंतीचा थर बरोबर घेऊन ढलप्यांनीं सुटतो. इंग्लंडांत जोसेफ ॲस्पडिन यानें पोर्टलंड सिमेंटचें पेटंट १८२४ सालीं घेतलें. त्यापूर्वींच्या शेंकडों वर्षांच्या इमारती चुन्यावर उभ्या आहेत. नव्या कामांत सिमेंट चांगलें आहे. जुन्या मातीला तें मानवत नाहीं, एवढेंच.

आतां सर्वांत जोखमीचें काम. पडवी उजळली कीं मनांत येतें, माजघर व पडवी यांच्यामधली भिंत काढून सगळी जागा एक करावी. बसण्या-उठण्याची, जेवणाची, स्वयंपाकाची अशी एकच ऐसपैस जागा झाली तर घर खरोखरच सुखाचें होतें, आणि स्वयंपाक करणारी बाई घरांतल्या बोलण्यापासून तुटत नाहीं. परंतु ती भिंत पडदा नव्हे. माळ्याच्या तुळ्या, मुख्य छपराचे वासे आणि पडवीच्या वाशांचें वरचें टोंक असें तिहेरी ओझें तिच्यावर असतें. ती सबंध काढूं नयेच. दोन्ही टोंकांशीं दोन-दोन, तीन-तीन फूट ठेवून मध्यें रुंद दार पाडावें. कामाच्या आधीं माळा व छप्पर दोन्ही बाजूंनीं टेकू देऊन उचलून धरावें. टेकूखालीं जाड फळी द्यावी, नाहींतर शेणाच्या जमिनींत तो रुततो. मग भिंतीच्या वरच्या अंगास खांच पाडून आडवी तुळई, सागाची वा लोखंडाची, आधीं बसवावी. तिची दोन्ही टोंकें मातीवर न ठेवतां घडीव दगडावर टेकवावीं. ती बसून पक्की झाल्यावरच खालची भिंत वरून खालीं, थोडी थोडी काढावी. तुळईची जाडी किती असावी हें सुताराच्या नजरेवर सोडूं नये. त्या एका प्रश्नासाठीं बांधकामाच्या इंजिनियराला बोलावून दिलेली फी वायां जात नाहीं. मातीची भिंत कोरडी असतांना पुष्कळ ओझें सोसते, भिजली कीं तिचा जोर ओसरतो. म्हणून हें काम पावसांत कधींहि काढूं नये. भिंत पाडतांना माणसें दगावल्याच्या बातम्या पावसाळ्यांतच अधिक वाचावयास मिळतात, याचें कारण हेंच.

भिंतीला हात लावला म्हणजे लांकडाचीहि तपासणी होऊन जाते. वळचणीकडचीं वाशांचीं टोंकें आणि खांबांचे पाय अणकुचीदार हत्यारानें टोंचून पाहावे. आंत पोकळ लागलें तर वाळवी आहे. कांहीं घरांत मागल्या भागावर जुने सिमेंटचे पन्हळी पत्रे घातलेले असतात. त्यांत ॲसबेस्टॉसचे तंतू असण्याचा संभव असतो आणि ते श्वासावाटे फुप्फुसांत जाणें अपायकारक आहे. असे पत्रे फोडूं नयेत, घांसूं नयेत. पाणी मारून ओले करून अख्खेच उतरवावे. त्यांच्याऐवजीं फायबरचे पारदर्शक पत्रे घालण्याचा सल्ला सर्रास मिळतो. ते उन्हानें पिवळे पडतात, उजेड रोडावतो; कांच महाग पण टिकाऊ.

शहरांतील वाड्यांचें दुखणें थोडें निराळें आहे. तेथें उजेड चौकांतून येई. चौकावर पत्रे पडले, किंवा चौकाच्या बाजूला खोली उतरविली कीं चारी सोपे अंधारले. अशा ठिकाणीं पहिला उपाय नवें कांहीं करण्याचा नसून मागाहून केलेलें काढण्याचा आहे. शेजाऱ्याच्या जागेकडे नवी खिडकी काढण्यापूर्वीं कायदाहि ध्यानांत असावा. १८८२ च्या सुखाधिकार कायद्याप्रमाणें खिडकींतून येणारा उजेड वीस वर्षें अखंड व निर्वेधपणें उपभोगला असेल तरच त्यावर हक्क सांगतां येतो. आज काढलेल्या खिडकीपुढें शेजाऱ्यानें उद्यां भिंत बांधली तर तक्रार चालत नाहीं. म्हणून वाड्यांतहि वरचा उजेड अधिक भरंवशाचा.

कामाचा क्रम ऋतूंना धरून असावा. दसरा-दिवाळी झाली, भिंती सुकल्या, कीं प्रथम टेकू, तुळई व दार हीं जोखमीचीं कामें उरकावीं. त्यानंतर टोकांच्या खिडक्या. विजेच्या तारा गिलाव्यापूर्वीं घालून घ्याव्या. चुन्याचा गिलावा थंडीच्या दिवसांत, सावकाश, पाणी मारीत वाळूं द्यावा. कडक उन्हाळ्यांत केलेला गिलावा तडकतो. जमीन व सफेती फाल्गुनापर्यंत व्हावी. कांचेचीं कौलें चैत्र-वैशाखांत, शाकारणीबरोबरच बसवावींत, म्हणजे छपरावर माणूस एकदांच चढतो.

पहिल्या चार सरी आल्या कीं घरांत कोणीतरी खडू घेऊन फिरावें आणि जेथें जेथें थेंब दिसेल तेथें वाशावर खूण करावी. कांचेच्या कडेनें आलेला थेंब वाशावरून घरंगळत दोन हात दूर जाऊन पडतो. त्यामुळें जमिनीवरच्या ओलीवरून गळतीची जागा सांपडत नाहीं, वाशावर ओल जेथें सुरू होते तेथें ती सांपडते. भर पावसांत वर चढून दुरुस्तीची घाई करूं नये. तात्पुरतें भांडें ठेवावें, आणि आठ-पंधरा दिवसांची उघडीप मिळाली कीं खुणांप्रमाणें कौलें सरकवून घ्यावीं.